होडी खंय आसा? सांता रोझा बेटावरचे दिवस

पहिला दिवस : सांता बार्बरा, वेंचुरा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून पहाटे साडेचारला निघालो. गाडीत मी, तेरा वर्षांची मुक्ता आणि मालवणहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे मामा. मामांनी चाळीस वर्षं तिथल्या दांडीच्या किनाऱ्यावरून होडी काढली. इकडे आल्यापासून आम्ही त्यांना पूल दाखवले, मॉल दाखवले, तीनशे फुटी झाडं दाखवली. ते सगळं त्यांनी मन लावून पाहिलं आणि एका रात्री जेवताना विचारलं, "हयलो दर्यो कधी दाखवतलंस?" त्याच रात्री मी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या सांता रोझा बेटाची बोट आणि तंबूची जागा पाहायला बसले.

हे बेट माझ्या मनात बरीच वर्षं होतं. अमेरिका खंडात माणूस पहिल्यांदा कसा आला, याचं जे उत्तर आम्ही शाळेत शिकलो ते पायी चालणाऱ्यांचं होतं. सैबेरिया आणि अलास्का जोडणारी जमीन, पुढे दोन प्रचंड हिमचादरींमधली एक मोकळी वाट, आणि त्या वाटेने मॅमथच्या मागे दक्षिणेला उतरणारे शिकारी. सांता रोझा बेटावर सापडलेली दोन हाडं त्या गोष्टीत बसत नाहीत. म्हणून आधी ती जिथे नेली गेली तिथे, सांता बार्बराच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात, आम्ही थांबलो.

१९५९ साली याच संग्रहालयाचे फिल ऑर सांता रोझाच्या वायव्येला, आर्लिंग्टन घळीत काम करत होते. घळीच्या उभ्या कडेत, वरच्या जमिनीपासून सुमारे ११ मीटर खाली, त्यांना माणसाच्या मांडीची हाडं दिसली. एवढ्या खोल थरात हाडं आहेत म्हणजे ती फार जुनी असणार, हे त्यांनी ओळखलं. आजूबाजूच्या मातीसकट अख्खा ठोकळा प्लास्टरमध्ये बांधून त्यांनी तो संग्रहालयात आणून ठेवला. पहिल्या मोजणीत वय आलं दहा हजार वर्षं. पुढे तंत्र सुधारलं आणि त्याच हाडांचं वय निघालं सुमारे १३ हजार वर्षं. मधे काही वर्षं ही बाई होती असं मानलं गेलं, नंतर पुन्हा पुरुष. उत्तर अमेरिकेत सापडलेल्या सर्वांत जुन्या मानवी अवशेषांपैकी हे एक.

मी हे सगळं मामांना सांगत होते. ते भिंतीवरच्या नकाशासमोर हात मागे बांधून उभे होते. बेट, मग पाणी, मग किनारा, असं त्यांनी बोटाने दाखवत नेलं.

"ह्या बेट कधी जमिनीक लागान होता?"

"नाही मामा. हिमयुगात समुद्र १२० मीटर खाली गेला होता तेव्हासुद्धा नाही. आजची चार बेटं तेव्हा एक होती, त्या बेटाला आता सांतारोझे म्हणतात. पण त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे सात-आठ किलोमीटर पाणी होतंच."

"म्हणजे हाडां गावली. होडी खंय आसा?"

होडी नाही. कुठेच नाही. जगात आजवर सापडलेली सर्वांत जुनी होडी नेदरलँड्समधल्या पेसे गावाजवळची, पाइनच्या एका ओंडक्यातून कोरलेली, आणि तिचं वय आहे दहा हजार वर्षांच्या आसपास. ऑस्ट्रेलियात तर माणूस ५० हजार वर्षांपूर्वीच पोहोचला होता, तेही मधली सामुद्रधुनी ओलांडून. त्याचीही होडी नाही. समुद्रापलीकडे माणूस सापडतो, म्हणून होडी होती एवढंच म्हणता येतं. मामांना त्यात नवल वाटलं नाही. म्हणाले, "लाकूड कुजता, सुंभ कुजता. हाड रवता."

पुढच्या दालनात तोमोल होती. ही इथल्या चुमाश लोकांची फळ्यांची होडी. वाहत आलेल्या रेडवूडच्या ओंडक्यांच्या फळ्या काढायच्या, त्यांना भोकं पाडून दोरीने शिवायचं, आणि शिवणीत डांबर आणि पाइनचा चीक एकत्र कढवून भरायचं. या लुकणाला ते योप म्हणतात. १९१२ साली फर्नांडो लिब्राडो या वृद्ध चुमाश जाणकाराने मानववंश-अभ्यासक जॉन हॅरिंग्टन यांच्यासाठी एक तोमोल बांधून घेतली, आणि ती सांगताना नोंदवलेली माहिती उरली म्हणून ही विद्या उरली.

मामा काचेपाशी वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मी जवळ गेले तर ते शिवण वाचत होते. एका भोकातून दोरी किती वेळा गेली, गाठ आतून की बाहेरून, फळीची कड सरळ की तिरपी. त्यांच्या आजोबांची होडी सुंभाने शिवलेली होती. दर पावसाळ्याआधी ती उसवायची, फळ्या सुकवायच्या, राळ आणि माशाचं तेल लावून पुन्हा शिवायची. "खिळो मारलो तर फळी फुटता," ते म्हणाले. "शिवली तर लाटेवांगडा वाकता." मला अजिंठ्याच्या भिंतीवरचं जहाज आठवलं. त्याच्यावरून बेतलेलं, काथ्याने शिवलेलं आयएनएसव्ही कौंडिण्य २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं, तेव्हा मामांनी फोनवर मला त्याचा व्हिडिओ पाठवला होता. तोमोल मात्र त्या पहिल्या माणसांची नव्हे. ती दीडेक हजार वर्षांपूर्वीपासूनची मानतात. त्याआधी कुणी लव्हाळ्याचे भारे बांधून तराफा केला असेल, कुणी लाकडी सांगाड्यावर कातडं ताणलं असेल.

संध्याकाळी वेंचुरात उतरलो तेव्हा वाऱ्याने ताडाची झाडं एका बाजूला झोपली होती. बंदरावर कळलं की आजची बोट वाऱ्यामुळे सुटलीच नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात खुजा मॅमथ पाहिला. बेटावर पोहत आलेल्या मोठ्या मॅमथचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या आखूड होत गेले आणि शेवटी माणसाच्या उंचीचे उरले. १९९४ साली सांता रोझाच्या कड्यात त्यातल्या एकाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. मुक्ता त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

दुसरा दिवस : खाडीपार

पहाटे वारा पडला. इतका, की बंदरातल्या पाण्यात मासेमारीच्या बोटींची नावं उलटी वाचता येत होती. मामा मोटेलच्या दारात उभे राहून आभाळ पाहत होते. "सकाळी वारो पडता, तेव्हाच सुटाचा."

सांता रोझा वेंचुरापासून ४० मैलांहून जास्त. बोटीला तीन तास लागतात. पहिल्या तासात आधुनिक जग ओलांडून गेलो: तेलविहिरींचे लोखंडी मनोरे, लॉस एंजेलिसच्या दिशेने जाणारी कंटेनरची जहाजं. मग अनाकापाचे खडक मागे पडले आणि डावीकडे सांता क्रूझचा लांब डोंगर सुरू झाला. तिथे डॉल्फिन आले. दहा-वीस नव्हेत, शेकडो. बोटीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापुढे, आडवे-तिडवे घुसत, कुशीवर वळून आमच्याकडे बघत.

चुमाश लोक स्वतःची गोष्ट कुठून तरी आलेल्यांची म्हणून सांगत नाहीत. ते म्हणतात, पृथ्वीमाता हुताशने लिमुव बेटावर, म्हणजे आजच्या सांता क्रूझवर, माणसं घडवली. बेट भरून गेलं तेव्हा तिने बेटापासून किनाऱ्यापर्यंत इंद्रधनुष्याचा पूल टाकला. चालताना ज्यांनी खाली पाहिलं त्यांना भोवळ आली, ते पाण्यात पडले, आणि बुडू नयेत म्हणून तिने त्यांचे डॉल्फिन केले. म्हणून डॉल्फिन त्यांचे भाऊबंद. २००१ साली चुमाश वल्हेकऱ्यांनी 'एलियेवुन' नावाची तोमोल याच पाण्यातून वल्हवत लिमुवला नेली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळानंतर अशी खेप झाली होती. पूर्वज होडीने आले की इंद्रधनुष्यावरून गेले, यात मला भांडण दिसत नाही. दोन्ही गोष्टींत मधे पाणी आहे, पलीकडे ओळखीची जमीन आहे, आणि खाली पाहणाऱ्याची भीती आहे.

सगळ्या वाटेत मी एक गोष्ट तपासत होते: किनारा दिसतो का? दिसत होता. वेंचुरामागचे डोंगर पुसट झाले तोवर सांता क्रूझ ठळक झालं होतं. जमीन नजरेआड झाली असा एकही क्षण आला नाही. नव्या खंडात जाणारी माणसं म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अथांग समुद्रावरची इवली होडी येते. मामांच्या डोळ्यांसमोर तसं काही येत नव्हतं. "किनारो दिसता तवसर भिया नाय," ते म्हणाले, आणि आमच्या घरातलीच एखादी रीत सांगावी तसं पुढे सांगू लागले. एका खाडीच्या मुखातून निघायचं, पुढच्या खाडीच्या मुखात शिरायचं. पाणी भरायचं, रात्र काढायची, चार दिवस मासे मिळाले तर चार दिवस राहायचं. पोरंबाळं, चूल, जाळं सगळं बरोबर. आपण कुठल्या खंडात आलो हे कुणाला माहीत असायची गरजच काय?

बेचर्स बे उपसागरात शिरताना पाण्याचा रंग बदलला. हिरवट-पिवळं काहीतरी पृष्ठभागावर आडवं पसरलं होतं. केल्प. समुद्राच्या तळाच्या दगडाला धरून वर येणारं, झाडाएवढं शेवाळ. राक्षसी केल्प म्हणतात ती जात अनुकूल पाण्यात दिवसाला दोन फूटही वाढते. त्याच्या प्रत्येक पानाच्या देठाशी लिंबाएवढा हवेचा फुगा असतो आणि त्या फुग्यांवर सगळं झाड उभं राहतं. बोट त्याच्या कडेने गेली तेव्हा मामांनी मला दंडाला धरून दाखवलं: केल्पच्या बाहेर लाट फुटत होती, आत पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत होतं.

"मामा, तुमका झेपात मा?" धक्क्याला बोट लागली तेव्हा मी विचारलं. वर जायला वीसेक फुटांची उभी लोखंडी शिडी होती. मी वाक्य संपवेपर्यंत ते अर्ध्यावर पोहोचले होते.

तंबूची जागा दीड मैलावर, वॉटर कॅन्यनमध्ये. वाटेत जुन्या गोठ्यांच्या तांबड्या इमारती लागतात. १९०२ पासून १९९८ पर्यंत इथे गुरं पाळली जात. तंबूंसाठी १५ जागा, प्रत्येकीला लाकडी आडोसा. तो कशासाठी ते दुपारी दोन वाजता कळलं. वारा वायव्येकडून उतरला आणि तंबू जमिनीला टेकला. एक दांडी मोडली. मामांनी आपल्या पिशवीतली नायलॉनची दोरी काढून ती बांधली आणि रात्री आठ वाजता आम्ही आडोशामागे पेज आणि लोणचं खाल्लं. मुक्ताच्या बुटापर्यंत येऊन एक कोल्हा उभा राहिला, मांजराएवढा. ही कोल्ह्याची जात या किनाऱ्यासमोरची सहा बेटं सोडली तर जगात दुसरीकडे नाही. २००० च्या सुमारास सोनेरी गरुडांच्या हल्ल्यांमुळे या बेटावर जेमतेम पंधराएक उरले होते. पिंजऱ्यात वाढवून, गरुड हलवून त्यांना परत आणलं, आणि २०१६ साली ते धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आले. मुक्ताने बुटाच्या नाड्या आत घेतल्या. कोल्हा गेला.

तिसरा दिवस : वॉटर कॅन्यनची पुळण

आज कुठेही जायचं नाही असं ठरवलं, आणि सगळ्यात जास्त हाच दिवस लक्षात राहिला.

पुळण दोन मैल लांब, पांढरी. ओहोटी लागलेली. रात्रीच्या लाटांनी केल्पचे ढीग वर टाकले होते. एका देठाच्या टोकाशी मूठभर मुळांसारखा गुंता होता आणि त्या गुंत्याने अजून एक दगड पकडून ठेवला होता, नारळाएवढा. उपटला गेला तरी दगड सोडला नव्हता. मुक्ताने तो गुंता उलगडला तर आतून खेकड्याची पिल्लं, एक तारामासा आणि बोटाच्या पेराएवढे शिंपले निघाले. जिथे केल्प तिथे ही सगळी खाण्याची बाजारपेठ: समुद्री साळू, अ‍ॅबलोनी नावाचे कानाच्या आकाराचे मोठे शिंपले, खडकांतले मासे, सील, पाणमांजरं. २००७ साली पुरातत्त्वज्ञ जॉन अर्लंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरूनच आपला विचार मांडला. जपानपासून वर वळून अलास्का, आणि तिथून खाली बाहा कॅलिफोर्नियापर्यंत, जवळजवळ अखंड हे केल्पचं रान आहे. पुढे उष्ण पाण्यात ते तुटतं आणि पेरू-चिलीच्या थंड पाण्यात पुन्हा सुरू होतं. होडीतल्या माणसाला हजारो मैल गेलं तरी पाण्यात तेच मासे, खडकावर तेच शिंपले. त्यांनी त्याला केल्पचा महामार्ग म्हटलं. महामार्ग शब्द मला फार घाईचा वाटतो. मला तो आपल्या परसातून शेजारच्या परसात जाण्यासारखा वाटतो.

खडकांवर काळ्या शिंपल्यांचे घोस चिकटले होते. मामांचा हात आपोआप कोयतीसाठी कमरेला गेला. मालवणात ओहोटीला आमच्या घरच्या बायका अशाच कालवं खरवडत. मी त्यांना सांगितलं, उद्यानात हात लावायचा नाही, शिवाय मे ते ऑक्टोबर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हे शिंपले खाण्यासाठी काढायला बंदी असते, कारण या दिवसांत त्यांच्यात विष साठू शकतं. ते मान हलवून मागे सरले.

मग ते लाटेने आणलेल्या समुद्री गवताच्या एका लांब पुंजक्यापाशी बसले. हिरव्या, चपट्या, वीतभर नव्हे तर हातभर लांबीच्या पात्या. त्यांनी चार पात्या घेतल्या, पाण्यात बुडवल्या, पँट वर दुमडली आणि मांडीवर वळायला सुरुवात केली. उजव्या तळहाताने पुढे, मग दोन पेड एकत्र येताच मागे. पात संपत आली की नवी आत सारायची, जोड दिसणार नाही अशी. आजी सुंभ वळायची तेव्हा तिच्या मांडीवर याच जागी घट्टा होता. दहा मिनिटांत हातभर दोरी झाली. मामांनी ती दोन मुठींत धरून हिसका दिला. तुटली नाही.

"ह्यां गवत सुंभापेक्षा मऊ आसा," ते म्हणाले. "पण पाण्यात टिकतला."

माझ्या अंगावर काटा आला, कारण मला माहीत होतं आणि त्यांना मी अजून सांगितलं नव्हतं. पलीकडच्या सान मिगेल बेटावर डेझी केव्ह नावाची गुहा आहे. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने तिथली माती अशी झाली की एरवी कुजणाऱ्या वस्तू टिकल्या. त्या गुहेत जवळजवळ दहा हजार वर्षांपूर्वीच्या दोऱ्यांचे आणि विणकामाचे तुकडे मिळाले, समुद्री गवताचे. त्याच थरांत दोन्ही टोकांना निमुळत्या केलेल्या हाडाच्या काड्याही मिळाल्या. दोरीच्या मधोमध काडी बांधायची, आमिष लावायचं, माशाने गिळली की ओढायची. काडी आडवी होऊन घशात अडकते. होडी नाही, पण दोरी आहे. गळ आहे. आणि आता मामांच्या मांडीवर ती पुन्हा वळली जात होती.

मुक्ता शिकली. तिची पहिली दोरी सैल, दुसरी जरा बरी. दुपारी निघताना तिघांनीही आपापल्या दोऱ्या तिथेच गवताच्या ढिगावर ठेवल्या. उद्यानातून काही न्यायचं नसतं.

परत चालताना मागे वळून पाहिलं तर ओल्या वाळूत आमची अनवाणी पावलं तीन मापांची उमटली होती. मामांची रुंद, माझी, आणि मुक्ताची. ब्रिटिश कोलंबियाच्या काल्व्हर्ट बेटावर भरतीच्या रेषेखालच्या चिखलात अशीच २९ पावलं मिळाली, सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीची. २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. निदान तीन वेगवेगळ्या मापांची, त्यातलं एक बहुधा लहान मुलाचं. काही पावलं पाण्याकडे पाठ करून उभी आहेत, म्हणजे होडीतून उतरल्यासारखी. ते बेटही त्या काळी बेटच होतं. मी मुक्ताला हे सांगितलं तेव्हा ती आपल्या पावलाशेजारी उकिडवी बसली, आणि पुढची लाट येईपर्यंत उठली नाही.

चौथा दिवस : लोबो कॅन्यन

जाऊन-येऊन १३ मैलांची चाल. मामांना नको म्हटलं, ते पुळणीवर राहिले. मुक्ता आणि मी सहाला निघालो. आधी उघडे, वाळक्या गवताचे माळ, मग एकदम खाली उतरणारी घळ. वाऱ्याने आणि पाण्याने कोरलेले वालुकाश्माचे कडे, मधे बारीक वाहतं पाणी.

घळ समुद्राला मिळते तिथल्या मातीच्या कडेत, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक पांढरा पट्टा होता. जवळ गेले तर अ‍ॅबलोनीचे शिंपले, एकावर एक, मधे काळी माती आणि जळके दगड. कुणाच्या तरी जेवणाचं उष्टं. याचं वय काय ते मला सांगता येणार नाही, पण अशा ढिगांपैकी काही या बेटांवर आठ-दहा हजार वर्षांचे आहेत. हात लावला नाही. एक शिंपला उपडा होता आणि त्याच्या आतला मोरपिशी रंग अजून ओला दिसत होता.

आर्लिंग्टन घळ इथून आणखी पश्चिमेला. तिथे जायचं नव्हतं, ती जागा पर्यटकांची नाही. पण तिच्याच मुखाजवळ अर्लंडसन आणि सहकाऱ्यांना जे मिळालं त्याने मला या बेटावर आणलं होतं. २०११ साली त्यांनी लिहिलं: इथे आणि सान मिगेलवर मिळून सुमारे १२,२०० ते ११,४०० वर्षांपूर्वीच्या वस्त्या. दगडाची, देठ असलेली पातळ पाती, काट्यांसारखे दाते काढलेली, आणि चंद्रकोरीच्या आकाराची छोटी हत्यारं, बहुधा पक्षी मारण्याची. सोबत हंस, पाणकावळे, सील आणि माशांची हाडं. मॅमथच्या मागे धावणाऱ्यांच्या जाड खोबणीदार भाल्यांशी ही नाजूक पाती जुळत नाहीत. ही समुद्रावर जगणाऱ्यांची हत्यारं.

दगडावर बसून डबा खाताना मी मुक्ताला उरलेली गोष्ट सांगितली. हिमचादरींमधली ती मोकळी वाट माणसाला जगण्याजोगी, म्हणजे गवत-झाडं-जनावरं असलेली, फार उशिरा झाली. त्याच्या आधीच कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा बर्फ मागे हटला होता. आणि चिलीत, खाली दूर दक्षिणेला, माँटे व्हेर्दे इथे टॉम डिलेहे यांच्या चमूने जी वस्ती खणली तिचं वय त्यांनी सुमारे १४,५०० वर्षं ठरवलं; तिथे नऊ जातींची समुद्री शेवाळं मिळाली, काही चघळलेल्या गोळ्यांत. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या पाउलखुणा तर २०२१ च्या अभ्यासात २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीच्या निघाल्या. पायवाट उघडण्याच्या कितीतरी आधी माणसं पलीकडे होती.

"मग त्यांची गावं कुठे आहेत?" तिने विचारलं.

मी समोर बोट दाखवलं. पाणी. तेव्हाचा किनारा आता लाटांखाली आहे. पहिल्या चुली, पहिले शिंपल्यांचे ढीग, ओढून ठेवलेल्या होड्या, सगळं त्या केल्पच्या मुळांशी. आम्हाला जे मिळतं ते किनाऱ्यापासून आत, उंचावर, कुणी गोड्या पाण्यासाठी किंवा आसऱ्यासाठी गेला तिथलं. आर्लिंग्टनचा माणूसही झऱ्याकाठचा. मुक्ता बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

परतलो तेव्हा पाय भरून आले होते. मामा आडोशाला टेकून बसले होते. त्यांनी दिवसभराचा हिशेब मनात मांडून ठेवला होता. पहाटेपासून साडेदहापर्यंत पाणी सपाट. अकराला पहिली कुरकुर. दीडनंतर होडी काढायचं नाव नाही. संध्याकाळी सातनंतर पुन्हा थोडं मऊ. समोर सांता क्रूझ, पाच-सहा मैल. "वल्हवत दोन तासांची वाट. उजाडताना सुटला तर न्याहारीक थंय."

गेली कित्येक वर्षं मी या प्रवासाबद्दल वाचत होते, हजारो वर्षं आणि हजारो मैल या मापांत. मामांनी तो न्याहारीच्या मापात सांगितला, आणि पहिल्यांदाच तो मला खरा वाटला.

पाचवा दिवस : परत

बोट दुपारी होती. सकाळी मुक्ता आणि मामा टॉरी पाइनच्या राईपर्यंत चढून आले; ही झाडं जगात नैसर्गिकरीत्या फक्त दोन ठिकाणी आहेत, इथे आणि सान दिएगोजवळ. मी तंबू आवरला. मोडलेल्या दांडीवरची मामांची दोरी तशीच ठेवली.

बेटाचं चुमाश नाव विमा, म्हणजे वाहत आलेलं लाकूड. उत्तरेकडून प्रवाहाने आणलेले रेडवूडचे ओंडके इथल्या पुळणीवर लागत आणि त्यांच्या होड्या होत. १८२० च्या दशकापर्यंत, गोवरासारखे रोग आणि स्पॅनिश धर्मप्रचारकांच्या मिशनची ओढ यांनी, बेटांवरचे शेवटचे चुमाश किनाऱ्याकडे गेले. हजारो वर्षं भरलेलं बेट रिकामं झालं. ते लोक मात्र आहेत, किनाऱ्यावर, आणि बहुतेक वर्षी सप्टेंबरात तोमोल घेऊन लिमुवला जातात.

धुकं होतं. यावेळी जमीन दिसली नाही. सांता क्रूझ कधी मागे गेलं ते कळलंच नाही. मामा नाळेवर उभे होते, त्यांनी एकही शब्द काढला नाही, आणि वेंचुराचा दिवा दिसेपर्यंत कठडा सोडला नाही.

सहावा दिवस : कार्पिंटेरिया

घरी जाण्याआधी एक छोटा थांबा. वेंचुरा आणि सांता बार्बराच्या मधे कार्पिंटेरिया गाव आहे. १७६९ साली पोर्तोलाच्या मोहिमेतल्या स्पॅनिश सैनिकांनी इथे चुमाश लोकांना होडी बांधताना पाहिलं आणि जागेला सुतारांचं दुकान असं नाव दिलं. तेच टिकलं.

होडी इथेच का, ते पुळणीवर उतरल्यावर नाकाला कळलं. कड्याच्या पायथ्याशी जमिनीतून डांबर पाझरतं. काळं, जाड, उन्हात चकाकणारं. वाळूवरून मधासारखं हळूहळू समुद्राकडे सरकत होतं. मामांनी काडीने थोडं उचललं, दोन बोटांत मळलं, ताणून पाहिलं. "राळीपेक्षा बरा," म्हणाले. "हेच्यात पाइनचो चीक घातल्यानी काय पाणी शिराचा नाय."

मुक्ता नकळत त्याच्यावरून अनवाणी चालत गेली होती. सांता बार्बराला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा तिने टाच वर करून दाखवली: काळा, वाटाण्याएवढा डाग, त्यात वाळूचे कण रुतलेले. मामांनी पिशवीतून खोबरेल काढलं आणि तिचा पाय मांडीवर घेऊन पंपाच्या बाकावर बसून घासत राहिले. बराचसा निघाला. फ्रीमाँटला पोहोचलो, तिने दोनदा आंघोळ केली, तरी टाचेच्या रेषेत एक बारीक काळा ठिपका राहिलाच आहे. आज चौथा दिवस.